‘वर्धिष्णु’: एका शब्दाची निवड

शिवाजीमहाराजांच्या संस्कृत मुद्रेस प्रतिपदेच्या चंद्रकोरीची उपमा देऊन ‘वर्धिष्णु’ म्हटले आहे. १६४६ सालच्या पत्रावर ती उमटलेली आढळते. हाच शब्द का, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नव्हे.

‘वृध्’ धातूपासून ‘वर्धिता’, ‘वर्धमाना’ ही रूपेही सिद्ध होतात. ‘वर्धिता’ म्हणजे वाढविलेली. तेथे वाढविणारा कोणी निराळा असतो. ‘वर्धमाना’ म्हणजे सांप्रत वाढत असलेली. तीत उद्याचे आश्वासन नाही. ‘वर्धिष्णु’ म्हणजे वाढणे हाच जिचा स्वभाव. पाणिनीने ‘इष्णुच्’ हा प्रत्यय स्वभाव, धर्म व कौशल्य दर्शविणाऱ्या प्रत्ययांत सांगितला असून त्या सूत्रात ‘वृध्’ स्पष्टपणे येतो.

ही निवड वृत्ताने लादली, असे कोणी म्हणेल. अनुष्टुभाच्या आठ अक्षरांत चार अक्षरी ‘वर्धमाना’ येथे बसत नाही, हे खरे. परंतु तीन अक्षरी ‘वर्धिता’ निर्दोष बसते. ते टाळले, ते अर्थासाठीच. दख्खनेत जहागिरीचा इजाफा दरबाराच्या मर्जीवर अवलंबून असे. येथे मात्र वाढ कोणाच्या कृपेची नाही. कोरीप्रमाणे ती स्वतःच्या नियमाने होते. मराठीत केवळ ‘वाढणारी’ म्हटले, की मुद्रेतील स्वातंत्र्याचा हा उच्चार लोपतो.