चर्चच्या जत्रेला निघालेली मुलगी

दारूला कितव्या वर्षी मुभा असावी, हा विषय तरुणसंघात निघाला की आम्हां मोठ्यांची बोटे मुलांकडे वळतात. अशा वेळी आम्हांला कॅरी लाइटनर आठवते.

३ मे १९८०. कॅलिफोर्नियातल्या फेअर ओक्स इथे १३ वर्षांची कॅरी चर्चच्या जत्रेला पायी निघाली होती. मागून आलेल्या मोटारीने तिला उडवले. चालक दारू प्यायलेला; त्यासाठी पूर्वीही पकडला गेलेला, जामिनावर सुटलेला. कॅरीची आई कँडी हिने त्याच वर्षी मातांची संघटना उभी केली.

अमेरिकेत १९७१ मध्ये मतदानाचे वय १८ झाले, तेव्हा अनेक राज्यांनी दारूचे वयही उतरवले होते. मातांच्या रेट्यानंतर १७ जुलै १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केली: वय २१ न करणाऱ्या राज्याचा महामार्ग-निधी कापायचा. १९८८ पर्यंत सगळी राज्ये नमली. रस्त्यावर तरुण मरायचे कमी झाले, हे खरेच.

पण कॅरीला उडवणारा चाळिशी ओलांडलेला होता.

पौलाने तीमथ्याला लिहिताना मद्यासक्त नसण्याची अट घातली ती अध्यक्षांना आणि सेवकांना. तो अध्याय पुढच्या बैठकीत मुलांनी वाचायचा आणि आम्ही ऐकायचा, असे ठरले आहे.