ग्रामपंचायत सदस्य : असोदा व खानदेशातील लोकसेवा

ग्रामपंचायत सदस्य हा गावपातळीवरील निर्वाचित लोकप्रतिनिधी होय. महाराष्ट्रात या पदाची चौकट १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने (सध्याचा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम) घालून दिली आणि ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आल्यावर पंचायतीला संविधानाचे अधिष्ठान लाभले. जळगाव तालुक्यातील असोदा हे या पदाच्या कामाचा विचार करण्यास सोयीचे गाव आहे. काळ्या कसदार जमिनीचे, केळी-कापसाचे आणि भरिताच्या वांग्यांसाठी खानदेशभर माहीत असलेले हे गाव कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे माहेर आहे आणि ते जळगाव शहराच्या अगदी जवळ आहे. शहरालगतच्या अशा गावांत जुन्या गावठाणाच्या गरजा आणि बिनशेती भूखंडांवर उभ्या राहणाऱ्या नव्या वस्त्यांच्या मागण्या एकाच पंचायतीपुढे येतात, त्यामुळे तेथील सदस्याचे काम आडवळणाच्या खेड्यातील सदस्यापेक्षा बरेच गुंतागुंतीचे होते.

लोकसंख्येनुसार पंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात. त्यासाठी गावाचे प्रभाग, म्हणजे निवडणुकीपुरते केलेले विभाग, पाडले जातात आणि प्रत्येक प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य पाच वर्षांसाठी निवडले जातात. उमेदवाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व मागास प्रवर्गांसाठीही आरक्षण आहे. बोलीभाषेत ज्याला ‘मेंबर’ म्हणतात त्या या प्रतिनिधीला पगार नसतो. सभेला हजर राहिल्याबद्दल नाममात्र बैठक भत्ता तेवढा मिळतो.

सदस्यपदाविषयी लोकांत आढळणारा मोठा गैरसमज सदस्याच्या अधिकारांबाबत आहे. गटार तुंबले, पथदिवा बंद पडला, नळाला गढूळ पाणी आले की प्रभागातील माणूस मेंबरच्या दारी येतो आणि ते काम मेंबरने स्वतःच्या हुकमाने करून द्यावे अशी अपेक्षा ठेवतो. प्रत्यक्षात एकट्या सदस्याला पंचायतीचा एक रुपयाही खर्च करता येत नाही, कारण कायद्याने अधिकार पंचायतीला, म्हणजे सभेत बसलेल्या सर्व सदस्यांना मिळून, दिलेले आहेत. कार्यकारी जबाबदारी सरपंचाची असते, तर दप्तर व हिशेब ग्रामसेवकाकडे (२०२४ पासूनचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) असतात. म्हणून सदस्याच्या लोकसेवेचे खरे ठिकाण मासिक सभा हेच आहे. ही सभा दरमहा बोलावणे सरपंचावर बंधनकारक असून पुरेशा कारणाशिवाय ती न बोलावणारा सरपंच अपात्र ठरू शकतो. सभेत विषय मांडणे, त्यावर ठराव घेणे, ठराव इतिवृत्तात नोंदला गेला आहे याची खात्री करणे आणि पुढच्या सभेत त्याच्या अंमलबजावणीचा जाब विचारणे, एवढ्या चार गोष्टी नेटाने करणारा सदस्य बाहेरून फारसा दिसत नाही. तरीही प्रभागाचे सर्वांत टिकाऊ भले त्याच्याच हातून होते. दाखल्यांसाठी लोकांबरोबर तलाठी कार्यालयात जाणे, आजाऱ्याला रुग्णालयात पोहोचविणे, शाळेच्या कार्यक्रमाला वर्गणी देणे ही कामे आदरणीय आहेत, पण ती सदस्य नसलेला शेजारीही करू शकतो. सभेतील आवाज मात्र निवडून आलेल्यालाच असतो, आणि तो न वापरणे ही त्या पदाची सर्वांत मोठी हानी आहे.

पैशाच्या बाबतीतही हेच दिसते. घरपट्टी व पाणीपट्टी हे पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न. त्यातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचा ६० टक्के भाग ‘बंधित’ ठेवण्यात आला. बंधित म्हणजे केवळ पिण्याचे पाणी व स्वच्छता यांवरच खर्च करता येण्याजोगा. ही टक्केवारी ठाऊक असलेली महिला सदस्य अंगणवाडीच्या दुरुस्तीचा विषय मांडते तेव्हा ती उपकार मागत नसते, कायद्याने ठरलेला वाटा मागत असते. राखीव जागेवर निवडून आलेल्या स्त्रीच्या जागी तिचा पती किंवा मुलगा सभेत बोलत असेल तर हा सगळा आधारच निखळतो.

सदस्याच्या कामाची दुसरी बाजू म्हणजे श्रमदान, अर्थात सार्वजनिक कामासाठी मोबदल्याशिवाय दिलेले अंगमेहनतीचे साहाय्य. खानदेशात याची परंपरा पंचायत कायद्याहून पुष्कळ जुनी आहे. धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीच्या खोऱ्यात शतकानुशतके चालत आलेली फड पद्धत हे तिचे ठळक उदाहरण होय. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी आणावयाचे, लाभक्षेत्राचे ‘फड’ नावाचे मोठे तुकडे करावयाचे आणि एका फडात सर्व शेतकऱ्यांनी एकच पीक घ्यावयाचे, अशी ही व्यवस्था होती. पाट व चाऱ्यांची साफसफाई शेतकरी मिळून करीत. पाणी सोडण्यासाठी पाटकरी, राखणीसाठी जागले असे सेवक गावाने नेमलेले असत. येथे मेहनत आणि नियम एकमेकांपासून वेगळे नव्हते, आणि त्यामुळेच ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

स्वातंत्र्यलढ्यात या सवयीला राष्ट्रीय कार्याची जोड मिळाली. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले, आणि ते यशस्वी करण्यासाठी झटलेल्यांत धनाजी नाना चौधरी व साने गुरुजी यांच्याबरोबर आसपासच्या गावांतील स्वयंसेवक होते. पुढच्या काळात शासनाने श्रमदानाला मोहिमेचे रूप दिले. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये, तर महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. २०१६ पासून पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने उन्हाळ्यात समतल चर व बांधबंदिस्तीचे काम गावकऱ्यांच्या हातांनी करून घेतले. अमळनेर तालुक्यातील गावेही पुढे तीत उतरली.

निवडणुकीच्या राजकारणाबाहेरूनही हे काम उभे राहते. साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकापासून चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखले. कुऱ्हाडबंदी, दंड आणि राखणीच्या पाळ्या हे नियम गावानेच ठरविले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. फड पद्धतीप्रमाणे येथेही श्रमाला गावाच्या नियमाचा आधार होता, ही बाब या यशाच्या वर्णनात बहुधा दुय्यम मानली जाते. तसे होऊ नये.

असा नियमाचा आधार नसेल तेथे श्रमदानातून स्वच्छ झालेला ओढा पुढच्या पावसाळ्यात पुन्हा प्लास्टिकने भरतो, लावलेली रोपे दुसऱ्या उन्हाळ्यात वाळतात, कारण देखभालीची जबाबदारी कोणाचीच नसते. सदस्य येथे नेमके ते करू शकतो जे स्वयंसेवी मंडळाला शक्य नसते : रोपांना पाणी घालण्याचा खर्च अंदाजपत्रकात घेणे, ओढ्यावरील अतिक्रमणाचा विषय सभेत आणणे, आणि केलेले काम ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात बसविणे. हा आराखडा ग्रामसभेपुढे, म्हणजे गावातील सर्व मतदारांच्या सभेपुढे, ठेवावा लागतो. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० व्यक्ती यांपैकी जी संख्या कमी असेल ती होय. हजारो मतदारांच्या गावात एवढी माणसे जमविणे अवघड नसावे, तरी तहकूब सभा सर्वत्र घडतात, आणि प्रभागातील घरोघरी जाऊन लोकांना सभेला आणणे हे सदस्याच्या सेवेतील अत्यंत मोलाचे काम ठरते.

सदस्याच्या सेवाभावाला कायद्याने काही कुंपणेही घातली आहेत. पंचायतीच्या कामाच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे, सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणे, कराची थकबाकी मुदतीत न भरणे या कारणांनी सदस्यत्व जाते. सलग सहा महिने परवानगीविना सभांना गैरहजर राहणाऱ्याचे पदही रिक्त होते.