व्हिडिओ लावला की लॅपटॉपचा सीपीयू १०० टक्के का होतो? कारण आणि उपाय

मोबाइलवर युट्युबचा १०८०पी व्हिडिओ एकदम मस्त चालतो. तोच व्हिडिओ घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लावला की फॅन घरघरतो, आवाज पुढे पळतो आणि चित्र मागे राहतं. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू ९०-१०० टक्के! दुकानात नेलात तर "रॅम वाढवा" किंवा "आता नवीनच घ्या" हे उत्तर ठरलेलं. पण खिशात हात घालण्याआधी पाच मिनिटं द्या.

इंटरनेटवरून व्हिडिओ येतो तो दाबून लहान केलेला असतो. दाबायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. तो परत उलगडायचा म्हणजे १०८०पीमध्ये सुमारे २० लाख ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला ३० किंवा ६० वेळा. मोबाइलच्या चिपमध्ये या कामासाठी वेगळा भाग असतो. लॅपटॉपच्या ग्राफिक्समध्येही तो असतो, पण लॅपटॉप बनला तेव्हा जे कोडेक होते तेवढेच त्याला कळतात. एच.२६४ आला २००३ मध्ये, व्हीपी९ २०१३ मध्ये, एव्ही१ २०१८ मध्ये. इंटेलच्या दुसऱ्या पिढीचे कोअर प्रोसेसरही एच.२६४ आरामात उलगडतात. व्हीपी९ मात्र पूर्णपणे जमतो सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ अकराव्या पिढीपासून. सेकंडहँड घेतलेल्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला युट्युबने व्हीपी९ पाठवला, की सगळा भार सीपीयूच्या डोक्यावर.

तुमच्याकडे काय चाललंय ते आधी बघा. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. कोडेक्सच्या ओळीत एव्हीसी१ दिसलं तर एच.२६४, व्हीपी०९ म्हणजे व्हीपी९ आणि एव्ही०१ म्हणजे एव्ही१. आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयूवर क्लिक केलं की 'व्हिडिओ डिकोड' नावाचा आलेख दिसतो. व्हिडिओ चालू असताना तो शून्यावर आडवा पडलेला असेल, तर चोर सापडला.

एव्हीसी१ असूनही आलेख शून्यावर असेल, तर लॅपटॉपला काम येतंय पण कोणी त्याला सांगत नाहीये. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम उघडा, 'यूज ग्राफिक्स ॲक्सलरेशन व्हेन अव्हेलेबल' चालू करा आणि क्रोम बंद करून पुन्हा उघडा. तरीही फरक नाही? मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स' बघा. माझ्या एका मित्राने लॅपटॉप स्लो झाला म्हणून फॉरमॅट करून आणला आणि तो आणखीच अडखळायला लागला. तिथे नाव होतं 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर'. म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकलाच नव्हता! लॅपटॉप कंपनीच्या वेबसाइटवरून मॉडेल नंबर टाकून ड्रायव्हर घेतला, काम झालं. खर्च शून्य.

कोडेक व्हीपी९ किंवा एव्ही१ असेल आणि लॅपटॉप जुना असेल, तर सेटिंग बदलून तो नवीन कोडेक शिकणार नाही. अशा वेळी क्रोममध्ये 'एच२६४इफाय' हे एक्स्टेन्शन टाका. ते युट्युबकडून एच.२६४ चाच व्हिडिओ मागतं. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. १०८०पीच्या वरचे पर्याय गायब होतील, आणि त्याच दर्जासाठी एच.२६४ ला डेटा जास्त लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बघत असाल तर हे जाणवेल.

एक्स्टेन्शन नको असेल तर क्वालिटी ७२०पी करा, आणि मेन्यूत ७२०पी६० दिसत असेल तर ४८०पीवर या, कारण ६० फ्रेम म्हणजे दुप्पट काम. तसंही बऱ्याच जुन्या लॅपटॉपची स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची असते. त्यावर १०८०पी लावून तुम्हाला दिसणार काहीच नाही, फक्त फॅन फिरणार.

मोबाइलवर काढलेले व्हिडिओ लॅपटॉपवर अडकत असतील तर तिथे बहुतेक एचईव्हीसी कोडेक असतो. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये 'इनपुट / कोडेक्स' खाली 'हार्डवेअर ॲक्सलरेटेड डिकोडिंग' ऑटोमॅटिक आहे का बघा. तरीही अडकला, तर पुढच्या वेळी मोबाइलच्या कॅमेरा सेटिंगमध्येच एच.२६४ निवडून शूट करा. आयफोनमध्ये हाच पर्याय 'मोस्ट कम्पॅटिबल' या नावाने आहे.