तान्ह्याच्या हसण्याची नोंदवही

पाळण्यातले मूल झोपेत गालातल्या गालात हसले की जवळ बसलेली वडीलधारी बाई म्हणते, "सटवाई हसवतेय हो त्याला!" माझ्या आजीच्या तोंडून हे मी अनेकदा ऐकले आहे, आणि आपल्या मंडळातील बहुतेक भगिनींनीही ऐकले असेल. या म्हणण्यात बायकांचे एक बारीक निरीक्षण दडलेले आहे. झोपेतले हसू निराळे, आणि सव्वा महिन्याच्या सुमारास मूल आपल्या डोळ्यांत डोळे घालून जे हसते ते निराळे. पहिले सटवाईचे, दुसरे आपले.

ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याने सुमारे 2300 वर्षांपूर्वी जवळजवळ हेच लिहून ठेवले आहे. चाळीस दिवसांपर्यंत मूल जागेपणी हसत नाही, रात्री मात्र कधी कधी हसते, असे तो म्हणतो. (जागेपणी ते रडतही नाही, असेही तो त्याच दमात सांगतो. त्यावरून या थोर पुरुषाने तान्हे मूल फारसे मांडीवर घेतले नसावे!) चाळीस दिवसांचा आकडा त्याला सुइणींनी किंवा घरच्या स्त्रियांनी पुरवला असावा असा माझा तर्क आहे, पण ग्रंथावर नाव त्याचे. पुढे रोमन लेखक प्लिनी याने जन्माच्या दिवशीच हसलेला एकच मनुष्य नोंदला, तो म्हणजे पारशी लोकांचा धर्मसंस्थापक झरथुष्ट्र.

यानंतरच्या शेकडो वर्षांत राजांच्या लढायांच्या तारखा लिहिल्या गेल्या, मुलांच्या हसण्याच्या फारशा कोणी लिहिल्या नाहीत. ज्यांना त्या ठाऊक होत्या त्यांच्या हाती लेखणी नव्हती, आणि असती तरी पदराला ओढणारे मूल होते. म्हणून लंडनमधील एका घरातली नोंदवही मला फार मोलाची वाटते.

चार्ल्स डार्विन आणि त्यांच्या पत्नी एम्मा यांचे पहिले मूल, विल्यम, 27 डिसेंबर 1839 रोजी जन्मले. घरात त्याला 'डॉडी' म्हणत. माणसाच्या चेहऱ्यावरील भाव उपजत किती आणि शिकलेले किती, हा प्रश्न डार्विन यांच्या मनात घोळत होता. म्हणून त्यांनी बाळाच्या हालचाली दिवस मोजून टिपायला आरंभ केला. वहीत काही नोंदी एम्माबाईंच्या हातच्याही आहेत. खरे हसू दिसले ते पंचेचाळिसाव्या दिवशी. पुढे नाकाला, गालाला हळूच चिमटा काढला की बाळाला ती मोठी गंमत वाटू लागली. आणि एकशे दहाव्या दिवशी, म्हणजे 1840 च्या एप्रिलच्या मध्यास, त्याच्या तोंडावर पिनाफोर टाकून चटकन ओढून घेतला, तेव्हा त्याला अतिशय मौज वाटली. डार्विन यांनी आपला चेहरा झाकून एकदम उघडला आणि ते जवळ आले, तेव्हाही तसेच. त्या वेळी बाळाच्या घशातून जो बारीक आवाज निघाला त्याला त्यांनी हसण्याची सुरुवात म्हटले. आपण घरोघरी जो 'बुवा कुक'चा खेळ खेळतो तोच हा! मोठ्या माणसांच्या विनोदातही पुष्कळसा भाग अनपेक्षिताचाच असतो, असा शेराही त्यांनी मारला. पिनाफोर कोणी टाकला हे मात्र लिहिलेले नाही. घरात आई होती, दाई होती.

त्याच वहीतील दुसरा प्रसंग मला अधिक बोलका वाटतो. बाळाजवळ चित्रविचित्र मोठे आवाज काढायची वडिलांना सवय होती, आणि बाळ ते सारे थट्टेवारी नेई. साडेचार महिन्यांचा असताना एके दिवशी त्यांनी घोरण्याचा मोठा आवाज काढला. पूर्वी कधी काढला नव्हता. बाळ एकदम गंभीर झाले आणि रडू लागले. त्याच सुमारास ते बाळाकडे पाठ करून मागे मागे चालत आले आणि स्तब्ध उभे राहिले, तेव्हाही त्याचा चेहरा रडवेला झाला. तोंड वळवताच हसू उमटले. म्हणजे नवल आणि भीती यांच्यामध्ये अंतर किती, तर आपल्या माणसाचा चेहरा दिसण्याएवढे! आणखी एक नोंद आहे. सहा महिन्यांचे झाल्यावर थोड्याच दिवसांत दाईने रडण्याचे सोंग केले, तर बाळाचा चेहरा उतरला. हसण्याबरोबर हेही आलेच.

या वहीवर पुढे दुःखाची छाया पडली. डार्विन दांपत्याच्या दहा मुलांपैकी तीन लहानपणीच गेली. दहा वर्षांची ॲनी 1851 च्या एप्रिलमध्ये माल्व्हर्न येथे वारली, तेव्हा आठवड्याभरात वडिलांनी तिच्याविषयी जे टिपण लिहिले त्यात तिच्या आनंदी स्वभावाची आठवण सर्वांत पुढे आहे. विल्यमच्या नोंदी तर सदतीस वर्षे पडून राहिल्या. तेन या फ्रेंच विद्वानाचा मुलांच्या भाषेवरील लेख वाचून डार्विन यांना त्यांची आठवण झाली, आणि 1877 मध्ये 'माइंड' या त्रैमासिकात त्या छापल्या गेल्या.

वडिलांची वही अशी विद्वानांपर्यंत पोचली. स्त्रीची पोचायला आणखी काही वर्षे लागली. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या मिलिसेंट शिन या बाईंनी आपली भाची रूथ हिच्या वाढीच्या नोंदी ठेवल्या, त्यांच्या आधारावर 1898 मध्ये डॉक्टरेट मिळवली, आणि त्या विद्यापीठातून ही पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांचे 'द बायोग्राफी ऑफ अ बेबी' हे पुस्तक 1900 मध्ये निघाले. त्यानंतर घरची जबाबदारी अंगावर आली आणि संशोधन सुटले ते सुटलेच. भगिनींनो, यावर अधिक लिहायला नको.

1972 साली स्रूफ आणि वुंश या संशोधकांनी पहिल्या वर्षातील हसण्याचा अभ्यास केला तो मातांच्याच मदतीने. मातांनी कधी पेंग्विनसारखे चालून दाखवायचे, कधी बाळाचीच दुधाची बाटली तोंडाला लावायची! चार-पाच महिन्यांची मुले स्पर्शाने आणि आवाजाने अधिक हसत. वर्षाची होत आली की आईच्या या विक्षिप्त चाळ्यांना हसत. बाटली ही आईची नव्हे, हे कळल्याशिवाय त्यात हसण्यासारखे काय आहे?

इंग्लंडमधील पोर्टस्मथ विद्यापीठातील वासुदेवी रेड्डी यांनी प्रश्न उलटा करून विचारला: मूल आपल्याला हसवते केव्हा? आईबापांना विचारून आणि मुलांना घरी पाहून त्यांनी 1991 मध्ये दाखवले की वर्षाच्या आतच मूल खोडी काढू लागते. हातातली वस्तू आईपुढे धरते, आईने हात पुढे केला की झटकन मागे घेते, आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहते, ती हसते की नाही ते.