सोनेरी हाताचा फ्रँकी

फ्रँक सिनाट्रा म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो झकास सुटातला, माइकपाशी उभा असलेला गायक. पण १९५५ सालच्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'मध्ये हाच माणूस एका खोलीत स्वतःला कोंडून घेतो, गडाबडा लोळतो, थंडीनं कुडकुडतो. सुईशिवायचे ते दिवस... व्यसनमुक्तीवाले ज्याला 'टर्की' म्हणतात ना, तेच.

तेव्हा हॉलिवूडच्या आचारसंहितेला हा विषयच चालत नसे. दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजरला परवानगीचा शिक्का मिळाला नाही. पठ्ठ्यानं चित्रपट शिक्क्याविना लावला! वितरक युनायटेड आर्टिस्ट्सनं तर निर्मात्यांच्या संघटनेचा राजीनामाच दिला. वर्षभरात, डिसेंबर १९५६ मध्ये, ती संहिताच बदलली.

हा इतिहास सिनेमाच्या पुस्तकांत सापडतो. मला जास्त खिळवून ठेवतो तो चित्रपटाचा पहिला अर्धा भाग. फ्रँकी लेक्सिंग्टनहून, म्हणजे केंटकीतल्या सरकारी व्यसनमुक्ती रुग्णालयातून (१९३५ साली उघडलेलं, अर्धं तुरुंग, अर्धं इस्पितळ) शिकागोला परत येतो. अंगात विष नाही, हातात ड्रम्स, बँडमध्ये काम मिळवायची आशा. आणि गल्ली? ती आहे तश्शीच. बेकायदा जुगाराचा अड्डा, पत्ते वाटायला याच्याच हाताची वाट बघणारा मालक, कोपऱ्यावरचा लुई. मित्रानं चोरून आणलेल्या सुटापायी फ्रँकी पोलिसांच्या तावडीत सापडतो, मालक त्याला सोडवतो, बदल्यात पुन्हा पत्ते! घरी चाकाच्या खुर्चीत बसलेली बायको, आणि तिचं अपंगत्वही सोंगच. सुई परत टोचली जाते तेव्हा आपल्याला आश्चर्य वाटत नाही, हेच भयंकर आहे.

शेवट सांगतोय, चालेल ना? चित्रपटात मॉलीच्या (किम नोव्हाक) पहाऱ्यात तो त्या खोलीतून बरा होऊन बाहेर पडतो. नेल्सन अल्ग्रेनच्या १९४९ च्या मूळ कादंबरीत मात्र फ्रँकी गळफास घेतो. अल्ग्रेनला हा चित्रपट मुळीच आवडला नव्हता. मला त्याचं पटतं. लेक्सिंग्टनमधून बरे होऊन गेलेले बहुतेक रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळले, हे पुढे तिथल्याच पाहण्यांतून दिसलं. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या डोल आणि निस्वांडर या डॉक्टरांनी मेथाडोनचे निष्कर्ष छापले: औषध रोज, महिनोन् महिने, आणि सोबत नोकरी-घराची घडी बसवणं.

त्यात खोली कोंडून घेण्याचा प्रसंग कुठेच नव्हता.