खाँसाहेबांचा गंधार आणि मिरजेचा तानपुरा

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे नाव निघाले की पाठोपाठ ‘सुरेल’ हा शब्द येतोच. किराणा घराण्याच्या या थोर गवयाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्यातले बरेचसे लेखन ‘काय तो सूर!’ या उद्गारापाशी येऊन थांबते. सूर ही अल्लाहची देणगी खरी. तरीही तो मोजता येतो, बिघडवता येतो आणि तो टिकवण्यासाठी कुणाला तरी लाकूड, भोपळा आणि तार घेऊन दिवसेंदिवस खपावे लागते. खाँसाहेबांच्या सुराचा इतिहास या बाजूने पाहायला हवा.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तरेतील कैराना येथे झाला. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात आले आणि पुढे महाराष्ट्राचेच होऊन गेले. मिरज हे त्यांचे घर झाले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व, सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर अशी त्यांच्या परंपरेतील नावे मराठी माणसाला सांगायला नकोत.

त्यांच्या उमेदीच्या काळात आपल्या संगीतात एक नवा पाहुणा स्थिरावत होता, तो म्हणजे हार्मोनियम. १८४२ साली पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबें यांनी या वाद्याचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताने भाता मारायची, बसून वाजवता येईल अशी पेटी बनवले. नाटक कंपन्यांनी तिला उचलून धरले. स्वस्त, टिकाऊ आणि रोज जुळवायची कटकट नाही! मात्र या सोयीची एक किंमत होती.

ती किंमत आकड्यांतच समजून घेऊ. मध्य षड्जाची कंपने सेकंदाला २४० धरली तर नैसर्गिक शुद्ध गंधार ३०० कंपनांवर येतो, पंचम ३६० वर आणि धैवत ४०० वर. पेटीत मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. त्यामुळे पेटीचा पंचम जवळपास बरोबर येतो, पण गंधार सुमारे ३०२.४ आणि धैवत सुमारे ४०३.६ वर जातो. फरक दोन-तीन कंपनांचा, म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या सातव्या हिश्श्याइतका. कुणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडते? बिघडते, कारण मागे तानपुरा चालू असतो. नीट जुळलेल्या तानपुऱ्यात षड्जाच्या तारेतूनच एक गंधार आपसूक ऐकू येतो. त्याला आपले गवई ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनांचा हा स्वर नेमका नैसर्गिक गंधार असतो. गायकाचा गंधार त्यात मिसळला की साखर दुधात विरघळावी तसे होते. पेटीचा गंधार त्याला घासत राहतो.

हा प्रश्न त्या काळी दोन सरकारी अधिकाऱ्यांनी मनावर घेतला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंग्रज आय.सी.एस. अधिकारी साताऱ्यास न्यायाधीश होते. जुन्या ग्रंथांतील बावीस श्रुती मोजून दाखवाव्यात, असा देवलांचा ध्यास होता. मोजायला तारेचे यंत्र होते; पण यंत्र आपणहून काही बोलत नाही. कुणीतरी अचूक गाऊन दाखवायला हवे होते. तो गळा आणि तो कान अब्दुल करीम खाँ यांचा होता. देवलांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ १९१० साली निघाला, क्लेमेंट्स यांचा १९१३ साली. बावीस श्रुती वाजवणारी खास हार्मोनियमही लंडनमध्ये बनवून घेण्यात आली.

ही श्रुती-पेटी गवयांच्या पसंतीस उतरली नाही. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे श्रुतींचा वाद रंगला. पंडित भातखंडे यांना प्रत्यक्ष गायनासाठी बारा स्वरांची मांडणीच पुरेशी वाटत होती. मला या वादात कोण जिंकले यापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते. इंग्रजी ग्रंथ लिहिणारे साहेब आणि घराण्याची तालीम घेतलेले उस्ताद एकाच मेजाशी बसले, आणि मोजमापाचा अखेरचा निवाडा उस्तादांच्या कानाने केला. ज्याला आपण ‘केवळ गवई’ म्हणून बाजूला ठेवतो, तो खरे तर आपल्या विषयातला शास्त्रज्ञ होता.

पुढे पेटीविरुद्धचे हे आक्षेप आकाशवाणीपर्यंत पोचले. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ साली सैल होईपर्यंत तीस वर्षे उलटली होती.

आता प्रश्न असा, की खाँसाहेबांचा तो गंधार आज ऐकायचा कुठे? त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण विसाव्या शतकाच्या आरंभी झाले आणि शेवटचे १९३० च्या दशकाच्या मध्यावर, ओडियन कंपनीसाठी. या शेवटच्या मुद्रणातील झिंझोटी आणि भैरवी आजही घरोघरी ऐकल्या जातात. १९२५ पूर्वी मायक्रोफोन नव्हता. गवई एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ कोरीत असे. कर्ण्याला नाजूक नाद पकडता येत नसत. त्यामुळे त्या तबकड्यांत गळा सापडतो, तानपुरा जवळजवळ हरवतो.

शिवाय तबकडी फिरण्याचा वेगही तेव्हा सगळीकडे सारखा नव्हता. मिनिटाला ७४ फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली, तर गायकाचा आवाज पेटीच्या जवळजवळ एका पट्टीने चढतो. मग ‘त्या काळचे गवई किती उंच पट्टीत गात!’ असे आपण कौतुकाने म्हणतो, आणि निम्मे कौतुक यंत्राच्या वेगाचे असते. मात्र वेग बदलला तरी सगळे स्वर सारख्याच प्रमाणात चढतात किंवा उतरतात. षड्ज आणि गंधार यांचे नाते मोडत नाही. म्हणून जुनी तबकडी पट्टीच्या बाबतीत फसवू शकते, सुरेलपणाच्या बाबतीत नाही. खाँसाहेबांची खरी साक्ष तिथे सुरक्षित आहे.

युरोपातही जुना नाद शोधण्याची मोठी चळवळ झाली. तिथे १९३९ साली लंडनच्या परिषदेत वाद्ये जुळवण्यासाठी ४४० कंपनांचा स्वर प्रमाण मानला गेला. पण बाखचे संगीत जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवणारे कलावंत आज बहुधा ४१५ कंपनांवर, म्हणजे एक पट्टी खाली वाद्ये जुळवतात. त्यासाठी त्यांना संग्रहालयांतील वाद्ये पाहून नवी घडवावी लागली, कारण मधली परंपरा तुटली होती.

आपली परंपरा तुटलेली नाही. मिरजेत ती गल्लीत बसून काम करते आहे. पटवर्धनांच्या संस्थानी काळात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी तंतुवाद्यांचे काम हाती घेतले, आणि तलवारीची मागणी ओसरत असताना त्या हातांनी सतार आणि तानपुरा घडवला. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा, तून झाडाचे लाकूड, आणि सर्वांत अवघड म्हणजे जवारी. घोडीचा माथा कानसेने अशा बेताने घासायचा, की तार त्याला हलकेच स्पर्श करीत झणकारली पाहिजे. मग तारेखाली दोऱ्याची ‘जीव’ सरकवायची. केसभर इकडेतिकडे झाले तर स्वयंभू गंधार रुसतो. हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. बाप घासतो, मुलगा ऐकतो.

१९७९ साली बंगळूरच्या जी. राजनारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला आणि आता तर तो मोबाईलमध्येच मिळतो. रियाजासाठी तो सोयीचा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सोयीची किंमत पेटीच्या वेळी आपण एकदा मोजली आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. मानांकनाने नाव सुरक्षित होते. हात सुरक्षित व्हायला गिऱ्हाईक लागते आणि शिकायला तयार असलेला मुलगा लागतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या मुलांना इतिहासात बादशहा आणि लढाया भेटतात. कानाने गंधार पारखणारे अब्दुल करीम खाँ आणि तलवार सोडून तानपुरा घडवणारे फरीदसाहेब भेटत नाहीत. विज्ञानाच्या तासाला ध्वनी आणि कंपन शिकवतो, तेव्हा वर्गात एक तानपुरा आणून ठेवावा. शेजारी मिरजेचा एखादा कारागीर बसवावा. तार, कंपन आणि पट हे सगळे मुलांना ऐकू येईल, आणि हे ज्ञान आपल्याच माणसांनी सांभाळले हेही कळेल.

खाँसाहेब १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात वारले. सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर प्रकृती बिघडली, तेव्हा त्यांनी तानपुरा जुळवायला सांगितला आणि गातगातच प्राण सोडला, असे सांगतात. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांना दफन करण्यात आले. दरवर्षी तिथे गवई हजेरी लावतात. त्या हजेरीत वाजणारा तानपुरा उद्याही मिरजेच्याच हातचा असावा, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.