मैदानावरची रायफल आणि खंदकातली रायफल

विळा चांगला की कोयता चांगला, असा प्रश्न शेतकरी कधी विचारीत नाही. काय कापावयाचे आहे ते पाहून तो हत्यार उचलतो. सरकारांना मात्र हे साधे शहाणपण पुष्कळदा उशिरा सुचते, आणि त्या उशिराची किंमत दुसऱ्यांनाच मोजावी लागते. कॅनडाने आपल्या फौजेसाठी निवडलेल्या रॉस रायफलीची हकीगत या दृष्टीने ऐकण्याजोगी आहे. ही रायफल वाईट नव्हती. आपल्या काळातील अत्यंत अचूक रायफलींमध्ये तिची गणना होत असे. म्हणूनच तिची कथा अधिक दुःखद वाटते.

या कथेचा आरंभ दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात होतो. १८९९ ते १९०२ या काळात झालेल्या त्या युद्धात कॅनडाचे स्वयंसैनिक ब्रिटिशांच्या बाजूने लढले. (याच युद्धात नाताळमधील सुमारे ११०० हिंदी माणसांचे शुश्रूषा-पथक घेऊन गांधीजी जखमींच्या डोल्या वाहत होते.) कॅनडाने त्या वेळी ब्रिटनकडे ली-एन्फिल्ड रायफली मागितल्या, परंतु ब्रिटनला स्वतःलाच त्या पुरत नव्हत्या. तेव्हा आपली रायफल आपणच बनवावी, असे कॅनडाने ठरविले. या निश्चयात स्वाभिमान होता, आणि तो गैर म्हणता येणार नाही. सर चार्ल्स रॉस हे स्कॉटलंडमधील एक धनिक सरदार. बंदुकीचे यंत्रशास्त्र हा त्यांचा छंद होता. त्यांच्याशी करार झाला आणि क्वेबेक शहरात कारखाना उभा राहिला.

त्याच युद्धातून ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांनी निराळाच धडा घेतला होता. पायदळाची रायफल फार लांब, घोडदळाची फार आखूड. शिवाय बोअरांच्या माउझर रायफलीत पाच काडतुसे एका पट्टीसरशी भरली जात, तर ब्रिटिश शिपाई एकेक काडतूस कोंबीत बसे. म्हणून दोन्ही दलांना चालेल अशी मध्यम लांबीची, दहा काडतुसांची आणि पट्टीने भरता येणारी नवी ली-एन्फिल्ड १९०२ च्या अखेरीस मंजूर झाली. १९०७ मध्ये तिची सुधारलेली तिसरी आवृत्ती निघाली. नामांकित नेमबाजांनी तिला नाके मुरडली. तिची नळी अवघी पंचवीस इंचांची. अशा आखूड नळीने दूरचा नेम काय साधणार, असा त्यांचा आक्षेप होता.

रॉस रायफलीची गोष्ट अगदी उलट होती. १९१० च्या सुमारास तयार झालेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीची नळी साडेतीस इंच लांब होती. एकंदर लांबी ली-एन्फिल्डपेक्षा सुमारे सहा इंच अधिक, आणि वजन जवळजवळ दहा पौंड. तिचा विशेष होता तो बोल्टमध्ये. गोळी झाडल्यावर रिकामे काडतूस बाहेर काढण्यासाठी इतर रायफलींचा बोल्ट आधी वर फिरवून मग मागे ओढावा लागतो. रॉसचा बोल्ट सरळ मागे खेचला आणि पुढे लोटला की काम झाले. आतले तिरकस आटे बोल्टचे डोके आपोआप फिरवीत. इंग्लंडमधील बिस्ली येथील प्रसिद्ध नेमबाजीच्या स्पर्धेत राजाचे पारितोषिक १९११ आणि १९१३ या दोन्ही वर्षी कॅनडाच्या नेमबाजांनी मिळविले, तेव्हा रॉसच्या कौतुकाला सीमा राहिली नाही. कॅनडाचे सेनामंत्री सॅम ह्यूज हे स्वतः नेमबाजीचे मोठे शौकीन. त्यांच्या लेखी तर प्रश्न तेथेच संपला.

वस्तुतः प्रश्न तेथे सुरू व्हावयास हवा होता. बिस्लीच्या हिरवळीवर नेमबाज निवांत पालथा पडतो. त्याची काडतुसे पारखलेली, बंदूक पुसलेली, आणि दोन गोळ्यांमध्ये त्याला श्वास घेण्यास अवसर असतो. फ्लँडर्समधील खंदकात गुडघाभर चिखल होता. तेथे मिळतील ती काडतुसे भरावी लागत, आणि शत्रू अंगावर आला की मिनिटाला पंधरा गोळ्या झाडाव्या लागत.

रॉस तेथे का अडली, हे समजून घेण्यासारखे आहे. गोळी सुटली की उष्णतेने आणि दाबाने पितळी काडतूस फुगते व नळीच्या मागच्या पोकळीत घट्ट बसते. ली-एन्फिल्डचा बोल्ट वर फिरविताना तरफेसारखा जोर मिळतो आणि चिकटलेले काडतूस आधी सैल होते. सरळ खेचण्याच्या बोल्टला तो जोर फारसा मिळत नाही. त्यातच रॉसची ती पोकळी काटेकोर मापाची, तर युद्धाच्या घाईत ब्रिटनमध्ये बनलेली काडतुसे मापाला सैल. ली-एन्फिल्डची पोकळी ऐसपैस असल्यामुळे ती काडतुसे तीत खपून जात, रॉसमध्ये अडकत. बोल्ट जोराने मागे ओढला की त्याच्या आट्याची कड अडणीवर आपटे, आपटून विद्रूप होई, आणि मग तो धड पुढेही जाईना. शिपाई बुटाच्या टाचेने किंवा खणण्याच्या हत्याराच्या दांड्याने बोल्टवर प्रहार करीत बसत. गोळी झाडताना संगीन गळून पडे, ती अडचण वेगळीच.

२२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र शहराजवळ जर्मनांनी क्लोरीन वायूचा ढग सोडला. शेजारची फ्रेंच फळी मोडली आणि ते खिंडार कॅनडाच्या डिव्हिजनला सांभाळावे लागले. दोन दिवसांनी त्यांच्यावरही वायू आला. ओले फडके नाकाशी धरून, खोकत, अडकलेले बोल्ट ठोकीत ही माणसे लढली. या आघाडीवर २६ एप्रिलला हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजनही उतरली. तिच्यातील जमादार मीर दस्त यांना त्या दिवसाच्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लढाई शमल्यावर मोजणी झाली, तेव्हा कॅनडाच्या सुमारे ५००० वाचलेल्या सैनिकांपैकी १४५२ जणांनी आपली रॉस टाकून मेलेल्या ब्रिटिश शिपायांच्या ली-एन्फिल्ड उचलल्याचे दिसून आले. हातचे शस्त्र टाकणे हा सैनिकाचा मोठा अपराध मानला जातो. दीड हजार माणसांनी तो एकाच वेळी करावा, यापेक्षा स्पष्ट तक्रार-अर्ज कोणता असू शकेल?

जून १९१५ मध्ये पहिल्या डिव्हिजनला ली-एन्फिल्ड मिळाल्या. परंतु मागून आलेल्या डिव्हिजनांच्या हाती पुन्हा रॉसच देण्यात आली. सेनापती ऑल्डरसन यांनी या रायफलीविरुद्ध लिहिले, तर ह्यूज त्यांच्यावरच उलटले. दोष काडतुसांचा आहे, असे रायफलीचे कैवारी म्हणत. त्यात तथ्य होते. पण काडतुसे निवडण्याची मुभा खंदकातील शिपायाला नव्हती. अखेर १९१६ च्या उन्हाळ्यात उरलेल्या डिव्हिजनांची रायफल बदलण्यास प्रारंभ झाला, नोव्हेंबरमध्ये ह्यूज यांना मंत्रिपद सोडावे लागले आणि पुढच्या वर्षी सरकारने कारखाना ताब्यात घेतला. ईप्रनंतरचे हे सव्वा वर्ष केवळ एका मंत्र्याच्या हट्टापायी गेले, हे लपविण्याचे कारण नाही.

गंमत अशी, की टाकाऊ ठरलेली हीच रायफल कॅनडाचे निवडक नेमबाज हट्टाने जवळ ठेवीत. दबा धरून बसलेला असा नेमबाज दिवसाकाठी मोजक्याच गोळ्या झाडी, काडतुसे स्वतः निवडी, बोल्ट फडक्यात गुंडाळून चिखलापासून जपे. त्याला हवी होती ती लांब नळी आणि अचूक नेम. ओजिब्वा जमातीतील फ्रान्सिस पेगामगाबो हा या युद्धातील अत्यंत नाणावलेला नेमबाज. त्याच्या नावावर ३७८ बळी सांगितले जातात, आणि त्याच्या हाती रॉसच असे.

नेमबाजांनी नाके मुरडलेली आखूड ली-एन्फिल्ड पुढे आपल्याकडे ‘थ्री-नॉट-थ्री’ या नावाने घरोघर माहीत झाली. इशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षे बनत होती. दुसऱ्या महायुद्धात बेळगावच्या मराठा पलटणींनी याच कुळातील रायफली वाहिल्या. परंतु १९६२ मध्ये ईशान्य सीमेवर चिन्यांच्या स्वयंचलित बंदुकांपुढे जवानांच्या हाती तीच होती, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन आलेल्या हल्लेखोरांसमोरही काही शिपाई तीच घेऊन उभे होते. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी संचलनात अखेरची मानवंदना दिली.